मुंबई इंडियन्सच्या टेबलावर नक्की चाललंय काय?

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच विषयावर आले, की मुंबई इंडियन्सच्या लिलावावर एकदा नीट बोल. 'नीट' या शब्दावर जोर होता, कारण मधे मी चार-पाच मिनिटं त्यावर बोललो होतो आणि अर्ध्या लोकांना मी व्यवस्थापनाचा भाट वाटलो, अर्ध्यांना रोहितद्वेष्टा. दोन्ही नाहीये. तर आज सगळा वेळ त्याच्यावरच.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. नाशिकचा माणूस मुंबईचा फॅन का, हा प्रश्न पुण्याचे मित्र दर वर्षी विचारतात. कागदावर बघायला गेलं तर आपला जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतो, मुंबईच्या नाही. आपली पोरं रणजी खेळतात ती महाराष्ट्राकडून. गोल्फ क्लब मैदानावर सामना होतो तेव्हा यजमान महाराष्ट्राचा संघ असतो. पण २००८ मध्ये मी शाळेत होतो आणि सचिन मुंबईकडे होता. विषय संपला. द्वारकेला उभं राहिलं की एक रस्ता पुण्याला जातो आणि एक मुंबईला. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी त्या वयात मुंबईचा पकडला.

आता मुद्द्यावर येऊ. 'मॅनेजमेंटने वाट लावली' हे वाक्य गेल्या चार-पाच वर्षांत मी जितकं ऐकलंय तितकं ऑफिसमध्येही ऐकलं नाही. माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य खरं की खोटं ठरवण्याआधी वाट कुठे लागली ते शोधायला हवं. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग आला की आधी लॉग बघतो, कुठल्या बदलानंतर गोष्ट बिघडली ते शोधतो. इथे तो बदल २०२२ चा आहे.

आकडे बघा. २०२२ च्या मोठ्या लिलावाआधी प्रत्येक संघाकडे ९० कोटी होते आणि चार खेळाडू राखता येत होते. मुंबईने रोहितला १६ कोटींना, बुमराहला १२, सूर्यकुमारला ८ आणि पोलार्डला ६ कोटींना ठेवलं. म्हणजे ४२ गेले, ४८ उरले. मग फेब्रुवारीत बंगळुरूला लिलाव झाला. इशान किशनवर १५.२५ कोटी, टिम डेव्हिडवर ८.२५ आणि जोफ्रा आर्चरवर ८. तिघांचे मिळून ३१.५ कोटी. आर्चर त्या हंगामात खेळणारच नाही, हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. उरलेला अख्खा संघ १६.५ कोटींत बसवायचा होता. बोल्ट राजस्थानला गेला, डी कॉक लखनौला गेला, आणि हार्दिक तर त्याआधीच गुजरातचा कप्तान झाला होता. निकाल तुम्हाला तोंडपाठ असेल: पहिले आठ सामने हरलो, चौदातले चार जिंकलो, दहाव्या नंबरवर राहिलो. आणि गुजरात पहिल्याच वर्षी चॅम्पियन.

इथे आमच्या कट्ट्यावर दोन पक्ष आहेत. एका पक्षाचं म्हणणं, आर्चर घेणं हा शुद्ध वेडेपणा. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, एका टोकाला बुमराह आणि दुसऱ्या टोकाला आर्चर हे स्वप्न ८ कोटींत मिळत असेल तर एक वर्ष थांबायला काय जातं? २०२३ मध्ये आर्चर पाच सामने खेळला, दोन विकेट घेतल्या आणि परत दुखापत. पहिला पक्ष जिंकला असं सगळे समजतात. मला ते पटत नाही. निर्णय आणि निकाल या दोन गोष्टी आहेत. कोपर किती दिवसांत बरं होईल हे अंबानींच्या हातात नव्हतं. त्यांच्या हातात होतं ते एवढंच, की एकाच लिलावात १५ कोटींचा विकेटकीपर आणि ८ कोटींचा अनुपस्थित बोलर, दोन्ही घ्यायचे की नाही. चूक खरेदीत नव्हती, एका वेळी दोन्ही घेण्यात होती. इशानवर १५ खर्च झाले की तिथेच थांबून बोलिंग भरायला हवी होती. ही माझी समज आहे, वाद घाला.

निर्णय-निकालाचं सगळ्यात भारी उदाहरण मुंबईचं नाहीच, दिल्लीचं आहे. आयपीएलमध्ये एकदा लिलावाऐवजी खरोखरचा ड्राफ्ट झाला होता, आता फार कुणाला आठवत नाही. २००८ ला १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेल्या पोरांसाठी. ड्राफ्ट म्हणजे पैशाची बोली नाही, पाळीपाळीने नाव उचलायचं. पहिली पाळी दिल्लीची. समोर दिल्लीचाच विराट कोहली. त्यांनी घेतला प्रदीप सांगवान, डावखुरा वेगवान बोलर. आज हसू येतं. पण त्यांच्याकडे सेहवाग, गंभीर, धवन आणि डिव्हिलियर्स होते. बॅटिंग भरलेली, बोलर हवा होता. त्या दिवशी तुम्ही टेबलावर असता तर काय केलं असतं? खरं सांगा.

आमच्या टीममध्ये अमेरिकेतला एक सहकारी आहे, बेसबॉलवेडा. रात्रीच्या कॉलला डिप्लॉयमेंट अडकलं की आम्ही याच गप्पा मारतो. त्यांच्याकडे ड्राफ्टमध्ये साधारण तत्त्व असं की जो संघ तळाला राहिला त्याला आधी निवडायला मिळतं. म्हणजे हरण्याची थोडी भरपाई. आयपीएलमध्ये असली दया नाही, पहिला असो नाहीतर दहावा, मोठ्या लिलावाला थैली सगळ्यांची सारखीच. तो मला पुजोल्सची गोष्ट सांगतो. अल्बर्ट पुजोल्स, १९९९ चा ड्राफ्ट, तेरावी फेरी, क्रमांक ४०२. त्याच्या आधी चारशे एक पोरं निवडली गेली, आणि पुढे हा माणूस सातशेवर होमरन मारून निवृत्त झाला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे बुमराह आहे.

हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण इथे मुंबईच्या व्यवस्थापनाची खरी ओळख आहे असं मला वाटतं. २०१३ घ्या. त्या वर्षीच्या लिलावात सगळ्यात महागडा खेळाडू ग्लेन मॅक्सवेल होता, १० लाख डॉलर, मुंबईने घेतला. पॉन्टिंगलाही घेतला, ४ लाख डॉलर, आणि कप्तान केला. मॅक्सवेल हंगामात तीन सामने खेळला. पॉन्टिंगने अर्ध्या वाटेवर स्वतःलाच संघाबाहेर ठेवलं आणि कप्तानी रोहितकडे गेली. आणि त्याच हंगामात, ४ एप्रिलला, विचित्र ॲक्शनचा गुजरातचा एक पोरगा पहिला सामना खेळला आणि त्याने कोहलीची विकेट काढली. जॉन राइट स्काउटिंग करत होते, त्यांच्या नजरेतून आलेला. त्या वर्षी मुंबई पहिल्यांदा चॅम्पियन झाली. म्हणजे ज्या दोन नावांवर मथळे आले ती दोन्ही नावं अंतिम सामन्यात बाहेर बसली होती. दोन वर्षांनी हार्दिक पंड्या आला, १० लाख रुपयांना. डॉलर नाही, रुपये. २०२२ च्या त्या वाईट लिलावात, ज्याला आपण सगळे शिव्या घालतो, तिलक वर्मा १.७ कोटींना मिळाला. आज तो ८ कोटींना राखलेला खेळाडू आहे.

म्हणून आमच्या कट्ट्यावर मी सारखं एकच तुणतुणं वाजवतो: या लोकांना महागडी खरेदी जमत नाही, स्वस्त खरेदी जमते. आपण भांडतो मात्र महागड्यांवरून.

याला अपवाद आहेत, आणि एक सणसणीत आहे. विरारचा आयुष म्हात्रे. २०२५ च्या लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही, मुंबईनेही नाही. मग ऋतुराजला दुखापत झाली, चेन्नईने त्याच्या जागी या पोराला ३० लाखांत उचललं, आणि २० एप्रिलला वानखेडेवर, आपल्याविरुद्ध, त्याने पदार्पणात १५ चेंडूंत ३२ केले. घराच्या अंगणातला पोरगा. केरळमधून विघ्नेश पुथूर शोधून आणतात, जो केरळच्या सीनियर संघातून एकही सामना खेळला नव्हता, आणि विरार दिसत नाही! यावर व्यवस्थापनाच्या बाजूने बोलायला माझ्याकडे काही नाही.

आता जेद्दाहबद्दल. २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४. रविवार होता. आदल्या दिवशी विधानसभेचे निकाल लागलेले, त्यामुळे रस्त्यावर अजून गुलाल. सकाळी पर्थ कसोटी बघून झाली होती, जैस्वालचे १६१ आणि कोहलीचं शतक. दुपारी साडेतीनला लिलाव सुरू, आणि आम्ही सात-आठ जण काठे गल्लीच्या बाजूला एका मित्राच्या गाळ्यात. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, टीव्ही मोठा आहे.

मुंबईने पाच जण राखले होते. बुमराह १८ कोटी, सूर्या आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक ८. बरोबर ७५ कोटी. १२० पैकी ४५ उरले. आमच्यातल्या एका सीएने पहिल्याच तासाला जाहीर केलं की आज आपण फक्त बघायचं, घ्यायला पैसे नाहीत. आणि तसंच झालं. पंतचे २७ कोटी झाले, श्रेयसचे २६.७५ झाले, आणि मुंबईचं टेबल आपलं गप्प. गाळ्यात शिव्या सुरू. 'हे लोक तिथे बिर्याणी खायला गेलेत का?' मग बोल्टसाठी १२.५० मोजले तेव्हा एकदम आरडाओरडा.

नमन धीरच्या वेळी गंमत झाली. राइट टू मॅचचा नियम त्या वर्षी बदलला होता. आधीचा संघ 'मॅच करतो' म्हणाला की समोरच्याला आणखी एकदा रक्कम वाढवायची मुभा. समोरच्याने आकडा थेट ५.२५ कोटींवर नेला आणि मुंबईने तो दिला. आदल्या वर्षी २० लाखांना घेतलेल्या पोराला. गाळ्यात दोन तट पडले. मी खूश होतो. सीए मित्र म्हणाला, ४५ मधले सव्वापाच एका सहा नंबरच्या बॅटरवर? मी म्हटलं, जो माणूस तुझ्या पद्धतीने काम करायला शिकलाय त्याला सोडून बाजारातून नवा आणायचा खर्च कधी मोजलायस का? आयटीत हे रोज बघतो. जुन्या माणसाला दहा टक्के वाढ द्यायला कंपनी का-कू करते आणि तो गेल्यावर त्याच कामासाठी नवा माणूस दीडपटीने आणते. वर तीन महिने तो फक्त कोड वाचतो.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपवर मीटिंग म्यूट करून बघत होतो, असं समजा. दीपक चहर ९.२५. विल जॅक्स ५.२५, आणि बंगळुरूने त्याच्यावर राइट टू मॅच वापरलं नाही म्हणून आकाश अंबानी उठून त्यांच्या टेबलापाशी हात मिळवायला गेले. ते दृश्य आठवत असेल. सँटनर २ कोटी आणि रिकल्टन १ कोटी. रिकल्टनचं नाव आमच्या ग्रुपवर निम्म्यांना माहीत नव्हतं. पुढे तोच रोहितबरोबर सलामीला आला. अश्वनी कुमार ३० लाखांना, त्याने पदार्पणात कोलकात्याचे चार घेतले. विघ्नेश पुथूर ३० लाखांना, त्याने पदार्पणात चेन्नईचे तीन. दहाव्या नंबरवरून संघ चौथ्यावर आला, एलिमिनेटर जिंकला आणि १ जूनला पंजाबने घरी पाठवलं.

आणि त्याच लिलावात आपल्या नाशिकचा रामकृष्ण घोष ३० लाखांना गेला. चेन्नईला! ग्रुपवर दोन मिनिटं शांतता, मग एकाने लिहिलं, 'आता काय करायचं भो?' मला वाटतं तो त्या दोन दिवसांतला सगळ्यात प्रामाणिक मेसेज होता. २०२५ मध्ये त्याला एकही सामना मिळाला नाही, त्यामुळे पेच पुढे ढकलला गेला. पण ज्या दिवशी तो रोहितला बोलिंग टाकेल त्या दिवशी द्वारकेच्या या बाजूला काय होईल ते बघायला मी गाळ्यात असणार.

इथे मला आमच्यातल्या एकाबद्दल सांगायचंय. नाव सांगत नाही, तो हा भाग ऐकतो. शाळेत आमच्यापेक्षा दोन वर्षं पुढे, मीडियम पेसर, जिल्ह्याच्या संघातून खेळलेला. काही वर्षांपूर्वी त्याने राज्यातल्या एका लीगच्या लिलावात नाव दिलं होतं. मूळ किंमत, फोटो, सगळं. नाव पुकारलं गेलं, कुणी हात वर केला नाही. साधारण सात-आठ सेकंद लागतात म्हणे. तो लिलाव घरच्यांनी मोबाइलवर लावून ठेवला होता.

जेद्दाहच्या वेळी तोही गाळ्यात होता. आम्ही सगळे कोण विकला गेला ते लिहून घेत होतो, आणि तो न विकलेल्यांची नावं वाचत होता. कुणीतरी एका खेळाडूला 'भंगार' म्हणालं. हा शब्द आम्ही सगळे सर्रास वापरतो. तो म्हणाला, 'अरे, त्या यादीत यायला काय लागतं माहितीये का तुला?' एवढंच. भांडण नाही, काही नाही. परत टीव्ही बघायला लागला.

त्या वाक्याने माझं हार्दिकबद्दलचं मत बदललं नाही, ते आधीपासून तेच आहे. पण ते बोलून दाखवायला मी घाबरायचो, आता घाबरत नाही. १५ डिसेंबर २०२३ ला हार्दिकला कप्तान केलं. पाच ट्रॉफ्या जिंकून देणाऱ्या माणसाला बाजूला केलं ते एका निवेदनातून, ज्यात वारसा आणि भविष्याची तयारी असले शब्द होते. मोठ्या कंपन्यांची पुनर्रचनेची ईमेल येते ना, अगदी तशी. क्रिकेट म्हणून निर्णय समजण्यासारखा होता. हार्दिकने गुजरातला एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद दिलं होतं, रोहित छत्तिशीत होता. पण सांगण्याची पद्धत वाईट होती, आणि ज्यांनी ती ठरवली ते टेबलावर बसले होते. शिव्या मात्र कुणाला पडल्या? १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना सांगावं लागलं की नीट वागा. घरच्या मैदानावर, घरच्या कप्तानासाठी.

माझा त्या हुर्योला विरोध होता आणि आहे. ग्रुपवर यावरून दोघांशी माझं बोलणं तीन आठवडे बंद होतं. त्यांचा युक्तिवाद वाईट नाही, तो सांगतो: तिकीट काढलेल्या माणसाकडे आवाजाशिवाय दुसरं काय आहे? मालकाला भागधारक प्रश्न विचारतात, फॅन कुठे विचारणार? नाशिकहून कसारा घाट उतरून, दीड हजाराचं तिकीट काढून, रात्री दोनच्या बसने परत येणारा माणूस नाराजी कुठे नोंदवणार? बरोबर आहे. पण मग ती नोंदवायची तर मालकांच्या बॉक्सकडे तोंड करून नोंदवा. ज्याला १० लाखांत आणलं, वाढवलं, राखता आलं नाही म्हणून सोडलं, आणि परत बोलावलं, त्याने 'नको' म्हणायला हवं होतं का? तुम्ही म्हणाला असता?

जूनमध्ये बार्बाडोसला त्याच माणसाने शेवटचं षटक टाकलं, १६ धावा वाचवायच्या होत्या. ४ जुलैला वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. तीन महिन्यांत. आमच्या ग्रुपवर ज्याने सगळ्यात जास्त शिव्या दिल्या होत्या त्याने हार्दिकचा रडतानाचा फोटो डीपीला लावला. मी काही बोललो नाही. स्क्रीनशॉट मात्र ठेवलाय.

आता बेंच. क्रिकेटमध्येही बेंच आणि आमच्या धंद्यातही बेंच. प्रोजेक्ट नसलेला इंजिनिअर बेंचवर बसतो, पगार मिळतो, आणि रोज सकाळी लॉगिन करताना पोटात गोळा येतो. मी चार महिने काढलेत. अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुख आठवतो का? 'काय पो छे' सिनेमात लहानपणी अली झालेला पोरगा. डिसेंबर २०१९ च्या लिलावात मुंबईने त्याला २० लाखांना घेतलं. बीड जिल्ह्यातला पोरगा मुंबई इंडियन्समध्ये! २०२० चा हंगाम झाला, मुंबई चॅम्पियन झाली, आणि त्याला एकही सामना मिळाला नाही. पंचवीस जणांचा संघ, खेळणार अकरा, आता इम्पॅक्ट प्लेअर धरून बारा. चौदा सामन्यांत काही जणांची पाळी येतच नाही. आम्ही कट्ट्यावर जो हिशोब करतो त्यात ही माणसं 'उरलेले' या एका ओळीत बसतात. मीही आत्ता थोड्या वेळापूर्वी 'उरलेला अख्खा संघ १६.५ कोटींत' असंच म्हणालो बघा.

असो. मुंबईच्या टेबलाकडून माझ्या दोन मागण्या आहेत, ऐकणार कुणी नाही तरी. एक, मोठा लिलाव संपला की कुणीतरी समोर येऊन दहा मिनिटं सांगावं की अमुक माणूस का घेतला आणि अमुक का सोडला. गुपितं नका फोडू, पण विचार तरी कळू द्या. दोन, स्काउटिंगवाल्यांनी विरार ते ठाणे आणि जमलं तर कसारा ओलांडून इकडेही एक चक्कर मारावी. गोल्फ क्लबवर सकाळी सातला या, चहा आमच्याकडे.

तो मीडियम पेसर मित्र तिथेच असतो, शनिवार-रविवार. आता बारा-तेरा वर्षांच्या पोरांना बोलिंग शिकवतो. त्यातला एक डावखुरा आहे, मी बघितलाय त्याला. नाव आत्ताच सांगत नाही.

तुमच्या मते मुंबईची आजवरची सगळ्यात वाईट खरेदी कुठली ते पाठवा, फक्त 'आर्चर' लिहून पाठवू नका, कारण द्या. पुढच्या भागात ती वाचतो. चला, मंडळी, भेटू.